रंजूच्या सायकलवर पिंपळगावपावतर

तवा आम्ही पाच जन होतो. मी, अनसूया. माहे मालक, ज्याईचा खुबा मोडलता म्हनून ते ओट्यावरून उठत नव्हते. आमच्या मागच्या घरची शांताबाई, जिनं मले सायकल शिकवली. माही एकुलती एक लेक रंजू, जिच्यासाठी मी शिकली. अन् रंजूची सासू, म्हनजे माह्या विहीनबाई, पिंपळगावच्या. जावई होते, पन ते नागपूरच्या बाजूले कंपनीत राहत, पंधरा दिवसाआड येत. त्या सालच्या गोष्टीत ते कुठं सापडत नाई, म्हनून त्याईले धरत नाई. पाचातले आता तीन उरलो.

या साली बी कापूस फुटला. काल सकाळी वावरात गेली तं खालची बोंडं फुटून लोंबून राह्यलती, वरची अजून हिरवी. दहिवरानं लुगडं गुडघ्यापावतर ओलं झालं. बोंडाची टोकं बोटात रुतते, नखाच्या कडेले रक्त येते, त्याले आता किती सालं झाले मोजत नाई. पन पहिला वेचा आला का माही बोटं नाई दुखत, मांड्या दुखते. सात सालाआधी सायकलच्या सीटवर बसून जशा दुखत तशाच. वावरात उभी राहून मी मांड्या दाबत बसतो, बाजूच्या बाया विचारते काय झालं, मी म्हनतो थंडी.

मी चौथी शिकली. हे नातीच्या वहीत मागून सुरू करून लिहून राह्यली, पुढून तिचे पाढे आहे.

सायकल रंजूची होती. ती आठवीत गेली तवा शाळेतून भेटली, निळी, पुढं जाळीची टोपली. आमचं गाव वडनेरहून सात किलोमीटर आत. त्यातले तीन फाट्यापावतर कच्चे. रंजू त्या सायकलवर पाच साल वडनेरले शाळेत गेली. लग्न झालं अन् सायकल कोठ्यात राह्यली. कडब्याच्या पेंढ्या तिले टेकवून ठेवत, सीटवर कोंबडी बसे. मी शेन काढाले गेली का त्या सायकलकडं पाहू नाई म्हने, तरी पाहे.

ज्या साली सायकल भेटली त्याच साली शाळेत पोरीयचं रक्त तपासलं. पंधरा दिवसानं एक कार्ड आलं. त्यावर रंजूचं नाव होतं अन् लिहिलं होतं का इले सिकलसेल हाय. दवाखान्यातल्या बाईनं समजावून सांगतलं. रक्तातले गोल दाने विळ्यासारखे वाकडे होते अन् नसात अडकते, मंग हाडं दुखते, डोळे पिवळे पडते. रोज गोळी द्या. पानी खूप पाजा. थंडीत अन् ओल्यात धाडू नोका, जड उचलू देऊ नोका. लग्न कराल तं पोराचं रक्त आधी पाहा. अन् पोट राह्यलं का पहिल्या दिवसापासून दवाखान्यात नाव घाला. मी सगळं ध्यानात ठेवलं. मालकानं कार्ड घेतलं अन् तुरीच्या दाळीच्या डब्यात तळाशी ठेवलं.

त्याईचं मन वाईट नव्हतं. त्याईची मोठी बहीन, माही ननंद, लग्नाच्या दुसऱ्या साली अंगावर पांढरे डाग आले म्हनून वापस आली. नांदनं संपलं. तीस सालं ती आमच्या मागच्या खोलीत राह्यली, पाहुने आले का दार लावून घे. मालकानं ते रोज पाह्यलं. म्हनून रंजूच्या लग्नाची बोलनी झाली तवा कार्ड डब्यातून निघालं नाई. मी बी काढलं नाई. दाळ काढताना रोज माहा हात त्या कार्डाले लागे.

चैत्रात लग्न झालं अन् आषाढात बातमी आली का रंजूले दिवस राह्यले. मले आनंद झाला, अन् मंग रात्रभरच नाई तं दिवसभर बी भेव वाटत राह्यलं. गोळ्या वडनेरच्या दवाखान्यात तिच्या माहेरच्या नावानं भेटत. पिंपळगावले नाव घालाले गेली तं रक्त घेतील, रक्त घेतलं तं सासरी माहीत पडन, म्हनून पोट्टी तिकडच्या दवाखान्याची वाटच टाळे. मंग गोळ्या कोन नेऊन देनार? कोनाच्या हाती धाडल्या तं तो विचारन कशाच्या. मालक काठीवर आंगनात जाईस्तोवर घामाघूम होत. एसटी आमच्या गावाले एकच ये, ती बी त्या पानकळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हनजे बुटका पूल, खचला म्हनून बंद पडली. रपट्यावरून पायी मानूस निघे अन् सायकल निघे, बाकी काही नाई.

मी शांताबाईले म्हनलं, मले सायकल शिकव. ती अंगनवाडीत मदतनीस, विधवा, माह्याहून पंधरा सालानं लहान, अन् गावात सायकल चालवनारी एकटीच बाई. तिनं काऊन म्हनून विचारलं नाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली अन् कोठ्यातून सायकल काढून धुतली.

मालकाचा जुना पायजमा मी लुगड्याखाली घातला, पदर कमरेले खोसला. शांताबाईनं मागून कॅरिअर धरलं. मालक ओट्यावरून सांगत, ज्याईनं स्वतः खुबा मोडायच्या आधी दहा साल सायकलले हात लावला नव्हता.

"समोर पाहा व. खाली काय पाहतं, सुई हरपली काय?"

शांताबाई मागून म्हने, "हँडल इतकं आवळू नोको बाई, ते म्हशीचं दावं नाई." अन् हासे. तिनं कधी हात सोडला ते मले समजलं नाई, मी तुरीच्या पाट्यात, त्या उभ्या ओळीत, जाऊन पडली. गुडघा सोलला, हयद लावली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मारुतीच्या पारावर बसनारे म्हातारे विचारत, अनसूयाबाई, बैल इकले काय, स्वतःच जुंपली ते. मी उत्तर नाई दिलं. उत्तर द्याले तोंड उघडलं का तोल जाय.

पहिल्या दिवशी आमच्या ओट्यापासून शांताबाईच्या कोठ्यापावतर. आठ दिवसानं मारुतीपावतर, कोनी न धरता. मंग रपटा. रपट्यावर उतरून सायकल हातानं ढकलत नेली. एक दिवस जोर आला तं तशीच फाट्यापावतर गेली, तीन किलोमीटर. तिथं दगडावर बसली अन् पाय असे कापाले लागले का उभी राहू शकत नव्हती. जितकं गेलो तितकंच वापस याचं राह्यते, हे मले त्या दगडावर बसल्यावर समजलं. त्या दिवशी सायकल हातात धरून पायी घरी आली. शांताबाई म्हने, एक दिवस आड चालवजो, अंगाले जुळू दे. मंग मी तसं केलं. दर खेपेले एक नवीन झाड धरे. आज त्या बाभळीपावतर, परवा पुढच्या आंब्यापावतर, तिथं पाय टेकवून दोन घोट पानी, चार फुटाने अन् गुळाचा खडा, अन् वापस. तहान लागाच्या आधी पानी प्या लागते, हे बी रस्त्यानं शिकवलं. तहान लागली म्हनजे उशीर झाला असते, मंग कितीबी प्या, पाय हलत नाई.

वडनेरले पहिल्यांदा पोचली तवा सात किलोमीटरले मले सारी सकाळ लागली. पंक्चरवाल्यानं टायर दाबून पाह्यलं अन् म्हनला, मावशी, तुम्ही हवेबिना चालवून राह्यल्या. वीस-बावीस दिवस मी अर्ध्या हवेवर चालवली होती. त्यानं हवा भरली, सीट वर केली, चेनले तेल दिलं. वापस येताना मले वाटलं मागून कोनी ढकलून राह्यलं. मी एकदोनदा वळून पाह्यलं बी.

वडनेरच्या पुढं पिंपळगाव चौदा किलोमीटर, त्यातले चार हायवेनं. ट्रक बाजूनं गेला का आधी तो आपल्याकडं ओढते अन् मंग फेकते. पहिले दोन-तीन डाव मी हायवे पाहूनच वापस फिरली. मंग ट्रक आला का उतरून उभी राहे. अशानं चार किलोमीटर सरतच ना. शेवटी एक दिवस उतरली नाई. डोळे पांढऱ्या पट्टीवर ठेवले, दात आवळले, अन् गेली. माहं म्हनाल तं त्यात हिंमत काही नव्हती. दवाखान्यातून गोळ्या घेऊन आठ दिवस झालते, त्या माह्या पोलक्यात होत्या अन् तिकडं रंजूजवळच्या संपल्या असतील हे मले माहीत होतं.

दसरा झाल्यावरच्या मंगळवारी मी पिंपळगावले पोचली. एकवीस किलोमीटर. गावाच्या शिवेआधी एक हापसी आहे. तिथं मी पोटभर पानी प्याली, बाटली भरली, तोंड धुतलं. कारन पुढं पानी पिता येनार नव्हतं. आमच्यात लेकीले लेकरू होईस्तोवर मायबाप तिच्या घरचं पानी पीत नाई. माही सासू तं लेकीच्या गावच्या शिवेतलं बी पीत नव्हती. मी तेच धरून चालली. म्हनून त्या हापसीपासून जाऊन, भेटून, पुन्हा त्या हापसीवर येईस्तोवर जितका वेळ माही एक बाटली पुरे, तितकाच वेळ माह्या लेकीसाठी. आता लिहिताना मले ते वेड्यासारखं वाटते. तवा नाई वाटलं. तवा वाटलं, एवढं तरी आपन नीट पाळून राह्यलो.

दारात मी घंटी वाजवली. रंजू आतून आली. पोट दिसाले लागलतं, तोंड उतरलेलं. आधी तिनं सायकल पाह्यली, मंग मले.

"माय, तू कशानं आली?"

"तुह्याच सायकलनं."

ती हासली नाई. पुढं आली अन् हँडलवर हात ठेवून घंटी वाजवत राह्यली, दोनदा, तीनदा. मंग मले म्हने, सीट कोनी वर केली, मले तं खालीच बरी वाटे.

विहीनबाई चांगल्या बोलल्या. या वयात इतक्या लांब सायकल, म्हने, आमच्या गावात तुमचं नाव झालं. रिवाज म्हनून तांब्या पुढं केला, मी रिवाज म्हनून हात जोडले. मी शेंगाची पिशवी रंजूच्या हाती दिली. भुईमुंगाच्या शेंगा, अन् त्यात खाली, कागदात गुंडाळून, गोळ्या. रंजूले ते पिशवी चाचपूनच समजलं. पुढच्या सगळ्या मंगळवारी तसंच चाललं. शेंगा संपल्या तं बोरं, बोरं संपले तं तिळाचे लाडू, खाली गोळ्या.

माह्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, तळहाताले घट्टे पडले. पिंपळगाव आता मले लांब वाटत नव्हतं. घरून निघाली का दीड-दोन घंट्यात हापसी. कोनी विचारलं असतं तं त्या दिवसात मी सुखी आहो असंबी म्हनलं असतं. सायकलवर मानूस एकटा राह्यते, मी मोठ्यानं बोलत जात होती. विहीनबाई, एक गोष्ट सांगाची राह्यली. विहीनबाई, आमच्याकडून चूक झाली. विहीनबाई, पोरीले रक्ताचा आजार हाय, तिले घेऊन जातो, बाळंतपन मोठ्या दवाखान्यात करतो, मंग तुम्ही ठेवा नाई तं धाडून द्या. तुरीच्या पाट्याइले मी हे सगळं सांगतलं, हायवेच्या दगडाइले सांगतलं. हापसीपावतर पूर्न पाठ राहे. दारात पोचली का विहीनबाई म्हनत, या, अन् मी नुसती पिशवी पुढं करे. मले ननंदेची मागची खोली दिसे.

सातव्या महिन्यात लेक माहेरी आनाची रीत. मी विचारलं. विहीनबाई म्हनल्या, दुसरा वेचा होऊ द्या, मानसं भेटत नाई, ती घरी बसन्यापरीस थोडं वेचते, काही जड काम नाई देत मी. खरंच देत नव्हत्या. जरासक सकाळी वावरात, इतकंच. पन कापूस सकाळी वेचते म्हनजे दहिवरात वेचते. मी रंजूले बाजूले घेऊन विचारलं, पानी पेतं ना? ती म्हने, वावरात कुठं पिऊ माय, पानी प्यालं का बसाले जा लागते, धुऱ्याबांधावर मानसं राह्यते. मी म्हनलं, पेत जाय. एवढंच म्हनलं. मंग मी माही बाटली उचलली, कारन अर्धी झाली होती, अन् निघाली.

अगहनात, म्हनजे मार्गशीर्षात, थंडी वाढली. त्या मंगळवारी रंजूच्या डोळ्याचा पांढरा भाग हयदीसारखा दिसला. पाय दुखते म्हने. विहीनबाई म्हनल्या, पहिलटकरनीचं असंच राह्यते, मी शेकून देतो रोज. त्या खरंच शेकून देत. विटकर तापवून, फडक्यात गुंडाळून, सुनेच्या पायाशी बसून. मी ते डोळ्यानं पाह्यलं. पाहून तोंड उघडलं. म्हनलं, विहीनबाई.

त्या तांब्या घेऊन आल्या. त्याईले वाटलं मी पानी मागून राह्यली.

"आता नाई पेनार तुम्ही, माहीत हाय," म्हने. "दीड महिना थांबा. मंग नातवाच्या घरचं पेजा, घागरभर."

अन् हासल्या. रंजू माह्याकडं पाहून राह्यली होती. तिनं मानेनं हळूच नाई केलं. सांगू नोको. मी बाटली टोपलीत ठेवली, स्टँड काढला अन् सायकलवर बसली. वळनावर घंटी वाजवत होती मी दर वेळी, त्या दिवशी वाजवली का नाई ध्यान नाई.

ते सात दिवस मले आजबी एक एक करून सांगता येते. सातव्या दिवशी, पुढच्या मंगळवारी, सकाळी मी डब्यातली दाळ परातीत ओतली अन् कार्ड काढलं. पिवळट पडलतं, कडेले दाळीचा भुसा. मालक ओट्यावरून पाहून राह्यलते. मले वाटलं आडवतील.

"ने," म्हनले. "माह्या बहिनीचं जे झालं ते झालं."

कार्ड पोलक्यात ठेवून निघाली. धुकं होतं. बोटाइले ब्रेक समजत नव्हता. हापसीवर त्या दिवशी थांबली नाई, तशीच गेली. दाराले बाहेरून कडी. बाजूची बाई आंगन सारवत होती, तिनं सांगतलं का फटफट उजाडाच्या आधीच गाडी करून हिंगणघाटले नेली, छातीत अन् पायात दुखे म्हनून पोट्टी लोळत होती, गावात सुई देनाऱ्यानं दोन दिवस सुया दिल्या, उतार नाई पडला.

पिंपळगावहून हिंगणघाट सतरा किलोमीटर. एकवीस झालते, सतरा राह्यलते. इतकं मी कधी चालवलं नव्हतं. मी सायकल फिरवली. हायवेनं ट्रक जात होते, ते मले दिसले नाई. बाटलीतलं पानी अर्ध्यात संपलं. एका चढावर पायडल हालेना तं उतरून पळाली, सायकल हातात धरून, अन् उतार आल्यावर पुन्हा बसली. त्या सालात जितकं काही शिकली, झाड धरून जानं, श्वास मोजनं, तहानेच्या आधी पानी, त्यातलं काही त्या दिवशी केलं नाई.

दवाखान्यात विहीनबाई बाकड्यावर बसल्या होत्या. माही सायकल मी पायरीवर पाडूनच आत गेली. त्याच वेळी डाक्टरीनबाई बाहेर आली होती अन् विचारत होती, घरात कोनाले सिकल हाय का, पोरीची कधी तपासनी झाली का.

विहीनबाई म्हनल्या, "नाई बाई, आमच्यात कोनाले नाई."

मी पोलक्यातून कार्ड काढलं. घामानं ओलं झालतं, अक्षर वाचता येत होतं. डाक्टरीनबाईनं वाचलं, तारीख पाह्यली, माह्याकडं पाह्यलं अन् पळत आत गेली. विहीनबाईले वाचता येत नाई. त्याईनं मलेच विचारलं, काय लिहिलं हाय. मंग मी सांगतलं. एकवीस किलोमीटर पाठ केलेलं सगळं, बाकड्याजवळ उभी राहून, दोन वाक्यात झालं.

विहीनबाई बाकड्यावरून उठल्या. मंग म्हनल्या, "मले सांगतलं असतं तं मी तिले दहिवरात धाडली असती का व?"

त्यात राग नव्हता. राग असता तं मी तो धरून बसली असती.

लेकरू काढलं. पोरगी, मुठीएवढी, पन रडली. रंजूले तिथून गाडीत टाकून मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस ती बोलली. सायकल कुठं हाय विचारलं. मी म्हनलं, पायरीवर. उभी करजो, म्हने, ताळा लावजो. पोरीचं तोंड पाह्यलं तिनं एकदा. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आधी आनली असती तं वाचली असती असं मले कोनी म्हनलं नाई. डाक्टरीनबाई बी नाई म्हनली. मी वाट पाह्यली कोनी म्हनन याची.

तेरवीले मी सायकलनंच गेली. शांताबाई सोबत तिच्या सायकलवर आली. हापसी आली तं सवयीनं माहा पाय टेकला. शांताबाई हापसाले लागली, मी म्हनलं, राहू दे.

पिंपळगावच्या घरात बाया बसल्या होत्या. मी दाराजवळ बसली. विहीनबाई आतून आल्या, एका हातावर लेकरू, एका हातात तांब्या. तांब्या माह्यापुढं ठेवला. मले लेकीच्या घरी नात झाली होती, आता रिवाज आडवा येत नव्हता. घर होतं, नात होती, पानी होतं. मी तांब्या उचलला अन् प्याली. पूर्न प्याली. लय थंड होतं, दातात गेलं. प्याल्यावर मले समजलं का मी किती महिन्याची तहानेली होती, अन् ते समजल्याबद्दल मले माही लाज वाटली.

विहीनबाई एक साल माह्याशी बोलल्या नाई. लेकराले मात्र माह्या मांडीवर देत. दर मंगळवारी मी जाय, लेकराले घेऊन बसे, अन् वापस. मंग एका मंगळवारी त्याईनं चहा ठेवला अन् विचारलं, साखर चालते का. तवापासून बोलतो. कामापुरतं. जावयानं दुसरं केलं, तो तिकडंच राह्यते. मालकाले जाऊन दोन साल झाले. शेवटी शेवटी ते ओट्यावर बसून मले विचारत, डब्यात आता काय हाय, मी म्हने, दाळ. नुसती दाळ? नुसती दाळ. रोज विचारत.

नातीचं नाव गौरी. या साली दुसरीत गेली. तिचं रक्त सहाव्या महिन्यातच तपासलं, विहीनबाई स्वतः घेऊन गेल्या. तिच्यात अर्धं हाय, म्हनजे तिले त्रास नाई, पन लग्नाच्या वेळी समोरच्याचं पाहा लागन. तिचं कार्ड विहीनबाईनं भिंतीवर खिळा ठोकून लावलं, देवीच्या फोटूखाली. घरात पाय ठेवला का आधी तेच दिसते. चहाले आलेलं मानूस विचारते हे काय, तं त्या सांगते. वाचता येत नाई त्याईले, पन सगळं सांगते, रंजूचं बी, माहं बी. मी तिथंच बसली राह्यतो. पहिल्यांदा सांगत होत्या तवा मी उठून सायकलजवळ जाऊन उभी राह्यली होती. आता नाई उठत.

सीट वर असली तं गौरीचे पाय पायडलले पोचत नाई, पन मी आली का आधी ती घंटी वाजवते. म्हनते, आजी, सीट खाली कर. मागच्या मंगळवारी मी पान्यानं खिट्टी सैल केली अन् सीट खाली घेतली. तिथं लोखंडावर जुनी निशानी हाय, रंजूच्या उंचीची, गंज चढलेली. सीट तिथं बरोब्बर बसली. मंग मी कॅरिअर धरलं. विहीनबाई ओट्यावरून म्हनल्या, समोर पाहा व पोरी. गौरी पिंपळगावच्या मारुतीपावतर गेली. मी मधातच हात सोडला होता. वापस येऊन तिनं विचारलं, माही माय किती लांब जाय. मी म्हनलं, वडनेरपावतर. तू किती लांब जातं? मी म्हनलं, इथपावतर.

उद्या मंगळवार हाय. गुडघे आता कुरकुर करते, दीड-दोन घंट्याच्या जागी तीन लागते. हापसीवर थांबतो, पानी पेतो, पुढं घरी जाऊन बी पेतो.

ज्यानं कोनी हे वाचलं त्याले माहं एक मागनं हाय. उठा अन् तुमच्या घरातले डब्बे पाहा, दाळीचा, तांदळाचा, कागदं ठेवाचा. तिथं कोन्या पोरीचं, कोन्या पोराचं असं कार्ड असन, तं बाहेर काढा अन् भिंतीवर लावा. आजच लावजा.